चार बोटांची रेघ

करंजवाडीत एखादं पोर दोनदा शिंकलं तर तिसरी शिंक यायच्या आत शकू दारात हजर, असं लोक म्हणत. म्हणणाऱ्यांत कौतुक करणारे होते तसे टोमणे मारणारेही होते. पण दोघांच्याही घरची पोरं शकूनेच तोलली होती, लस टोचून आणली होती, आणि तापाने फणफणली तेव्हा रिक्षात घालून रोह्याच्या दवाखान्यात नेली होती. सरकारी कागदावर ती आशा सेविका, गावात शकूकाकी. रोह्याहून कोलाडकडे जाताना रस्ता सोडून दीड किलोमीटर आत हे ऐंशी उंबऱ्यांचं गाव. भात काढलं की त्याच ओलीवर वाल पेरायचे, आणि पोरगा हाताशी आला की त्याला कंपनीत कंत्राटावर चिकटवायचा, ही इथली रीत.

हे काम शकूने ओढून घेतलं होतं आणि त्याला कारण होतं. तिची पहिली मुलगी दीड वर्षाची असताना जुलाबाने गेली. पोट वाहतंय तर पाणी बंद करा, पाणी दिलं की आणखी वाहणार, असं सासूने सांगितलं आणि एकोणीस वर्षांच्या शकूने ते ऐकलं. पोरगी वाटी बघून हात पुढे करायची, शकू वाटी पदराआड लपवायची. तिसऱ्या दिवशी पोरीने हात पुढे करणं थांबवलं. पुढे आशांची भरती निघाली तेव्हा आठवी पास शकूने पहिल्याच दिवशी अर्ज दिला. त्यानंतरच्या सोळा वर्षांत करंजवाडीत जुलाबाने एकही मूल गेलं नाही. हे खरं आहे आणि हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल बाई मुळातच लबाड होती. लबाड ती नव्हती. लबाड माणूस ओळखता तरी येतो.

जुलाबावरची ओआरएसची पुडी घरोघर पोचवणं सोपं होतं. अवघड होतं ते पाणी. पुडीवर छापलेलं असतं एक लिटर, पण घरात लिटर मोजायला असतं काय? कुणी पेलाभर पाण्यात पुडी रिकामी करी, कुणी कळशीत ओती, एका आजीने तर चिमूट चिमूट करून नातवाला साखरेसारखी चाटवली होती. शकूने डोकं चालवलं. पंचायत समितीला उभ्या राहिलेल्या एका शेठने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गावातल्या घरटी एक स्टीलचा तांब्या वाटला होता. शेठ पडले, तांबे राहिले. सगळे एका मापाचे. शकूने उपकेंद्रातून मापाचं भांडं आणलं, स्वतःच्या घरच्या तांब्यात एक लिटर पाणी ओतलं आणि ते काठापासून किती खाली येतं ते बोटं लावून पाहिलं. बरोबर चार बोटं. मग खिळा घेऊन ती घरोघर फिरली. तांब्यात हात घालायचा, काठाखाली चार बोटं धरायची, आणि आतल्या बाजूने कर्रकन रेघ ओढायची. ऐंशी घरं दोन दिवसांत उरकली. रेघेपर्यंत पाणी, त्यात एक पुडी. आंधळ्यालाही चुकता येणार नाही असा हिशेब.

कल्पना झकास होती, त्यात वाद नाही. तालुक्याचे डॉक्टर बघायला आले, फोटो निघाला, पेपरात चार ओळी छापून आल्या. अलिबागला सभेत शकूला उभं केलं. ती म्हणाली, "आडाणी बाईला आकडा नाय कळत साहेब, रेघ कळते." टाळ्या पडल्या. तेरा वर्षं उन्हातान्हात चपला झिजवल्या तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, तेव्हा त्या टाळ्या तिला गोड लागल्या तर नवल नाही. फक्त त्या दिवसापासून मापाचं भांडं तिच्या घरात फळीवर गेलं ते गेलंच. भांड्याची गरज उरली नव्हती, बोटं होती.

तीन वर्षं गेली. गावात नव्या सुना आल्या, सुनांबरोबर त्यांच्या माहेरची भांडी आली. शकू बाळंतिणीच्या घरी जाई, म्हणे तांब्या आण. सून हाताशी असेल तो तांब्या आणी, आणि शकू चार बोटं धरून रेघ ओढी.

गिरजाबाईंच्या घरी तसंच झालं. गिरजाबाईंचा मुलगा निकेश कंपनीत शिफ्टला जायचा, त्याची बायको सुरभी ही पेणजवळच्या जिते गावची, बारावी शिकलेली. त्यांचं पोर सुजय सहा महिन्यांचं झालं, उष्टावण झाली, आता पोटाच्या तक्रारी सुरू होणार म्हणून शकू पुड्या घेऊन गेली. शेठचा तांब्या गिरजाबाईंनी पाहुणेरावळ्यांसाठी माळ्यावर ठेवलेला, त्यामुळे सुरभीने स्वतःचा आणला. लग्नात बापाने पेणच्या बाजारातून घेतलेला, गळ्याशी टिंबाटिंबांनी तिचं नाव घातलेला. शकूने बोटं लावली.

"काकी, हा जरा लहान नाय का?" सुरभी म्हणाली. "पुडीवर लिटर लिहिलंय. एकदा मोजून बघूया."

"माझी बोटं काल नाय जन्मली गो," शकू म्हणाली आणि तिने रेघ ओढली.

गिरजाबाई हसल्या. "बारावी शिकली ना, तिला सगळ्यात शंका. शकू सांगते तसं करायचं, समजलं?"

सुरभीने तांब्या उचलून आत नेला. सहा महिन्यांच्या बाळंतिणीने सासूसमोर आणि पेपरात फोटो आलेल्या बाईसमोर किती बोलायचं, याला मर्यादा असते.

पुढच्या वैशाखात ऊन असं तापलं की दुपारी दाराची कडी हाताला भाजे. लग्नसराई जोरात होती. रोह्याजवळच्या अष्टमीला निकेशच्या चुलतभावाचं लग्न झालं, तिथलं काहीतरी बाधलं असावं. अकरा महिन्यांच्या सुजयला जुलाब सुरू झाले, दिवसाला दहा, बारा, मग मोजणं सुटलं. शकू आली, पुड्या दिल्या, झिंकच्या गोळ्या दिल्या, कशा द्यायच्या ते समजावलं. सुरभीने अगदी तसंच केलं. रेघेपर्यंत पाणी, एक पुडी, चमच्याने थोडं थोडं. पोर अधाशासारखं पिई. जेवढं पिई तेवढं आणखी मागे. ओठ सुकलेले, अंग तापलेलं, रडणं चिरकं. दुसऱ्या दिवशी तिने शकूला फोन लावला.

"काकी, पितोय खूप, पण तहान जात नाय त्याची. पाणी वाढवू काय त्यात? नुसतं पाणी देऊ मधे?"

"अजिबात नाय. रेघेपर्यंतच. थेंब कमी नाय, थेंब जास्त नाय. पितोय ना? मग उतरेल."

खरं तर त्याच वेळी येऊन पोराला बघायला हवं होतं. पण शकूच्या नात्यात कोलाडला हळद होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुजयचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले आणि तोंडातून फेस आला. गिरजाबाईंनी नाकाशी कांदा फोडला, शेजारणीने दातात चमचा घालायचा प्रयत्न केला, आणि तेवढ्यात हळदीच्या घरून परतलेल्या शकूने चमचा हिसकावून पोराला कुशीवर वळवलं. हे तिला येत होतं. रोह्याच्या सरकारी दवाखान्यात झटक्याचं इंजेक्शन दिलं, सलाइनला शीर सापडेना, कपाळाजवळ सापडली तोवर दुसरा झटका आला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, याला मुलांच्या दवाखान्यात हलवा. ॲम्ब्युलन्स पेणला निघाली. मागे सुरभी पोराला धरून, समोर गिरजाबाई आणि शकू, पुढे निकेश कंपनीच्या गणवेशातच. नागोठण्याचे खड्डे येत तेव्हा सुरभी पोराच्या डोक्याखाली स्वतःचा हात घाली.

पेणच्या दवाखान्यातल्या डॉक्टर सुहासिनी साठीच्या, कमी बोलणाऱ्या. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं.

"बाळाच्या अंगात पाणी कमी झालंय, ते जुलाबात होतंच. पण याच्या रक्तात मीठ फार चढलंय. एकशे पंचेचाळीसच्या आत हवं ते एकशे बहात्तर आहे. त्यानेच झटके येतायत. आणि हे मीठ एकदम उतरवता येत नाही. घाई केली तर मेंदूला सूज येते. दोन-तीन दिवस सलाइन अगदी सावकाश द्यावं लागेल, दर काही तासांनी रक्त बघावं लागेल. तोवर मी काही कबूल करू शकत नाही." मग त्यांनी सुरभीकडे पाहिलं. "ओआरएस दिलंत ना? एका पुडीला पाणी किती?"

"रेघेपर्यंत," सुरभी म्हणाली.

"कसली रेघ?"

तेव्हा शकू पुढे झाली. तशा वेळीसुद्धा तिला राहवलं नाही. तांबे, रेघ, अलिबागची सभा, सगळं तिने सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चांगली युक्ती आहे. पण मला तो तांब्या बघायचाय. कुठेतरी पाणी कमी पडलंय. कुठे ते कळलं तर दुसऱ्या पोराचं असं होणार नाही."

"मी आणते," शकू म्हणाली. कुणी पाठवायच्या आत ती निघालीसुद्धा.

एसटीने रोहा, तिथून रिक्षाने गाव. गिरजाबाईंनी दिलेल्या किल्लीने तिने दार उघडलं. तांब्या ओट्यावर पालथा होता, तसाच, धुऊन ठेवलेला. तिने घरी जाऊन फळीवरचं मापाचं भांडं काढलं, धूळ पुसली, परत आली आणि लिटरभर पाणी तांब्यात ओतायला लागली. पाणी रेघेला लागलं. भांड्यात अजून बरंच होतं. पाणी रेघेवर गेलं, गळ्याशी आलं, सुरभीच्या नावाच्या टिंबांपर्यंत आलं, काठाला टेकलं आणि बाहेर सांडून ओट्यावरून तिच्या पायांवर आलं. त्या तांब्यात लिटर मावतच नव्हता. रेघेपर्यंत सहाशे मिलीच्या जेमतेम वर.

शकू ओल्या जमिनीवर बसली. तिला समजायला वेळ लागला नाही, ती मूर्ख नव्हती. एका पोराला दोन दिवस तिने मिठाचं पाणी पाजायला लावलं होतं. तहान लागली की आणखी, आणखी तहान लागली की आणखी. आईने दोनदा शंका काढली होती आणि दोनदा तिने तिचं तोंड बंद केलं होतं. मुलगी गेली तेव्हा तिने सासूला दोष दिला होता, वीस वर्षं दिला होता. आता सासूच्या जागी ती स्वतः होती. ती रडली, ओकारी आल्यासारखी रडली, आणि खरं रडली.

मग तिने माळ्यावर चढून शेठचा तांब्या उतरवला. त्यातही तिचीच रेघ होती, तीन वर्षांपूर्वी मोजून-मापून ओढलेली. तो का उतरवला हे त्या क्षणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, दोन्ही दाखवायला. दोन्ही पिशवीत घालूनच ती एसटीत बसली. नागोठण्यापर्यंत ती खरं सांगणार होती. नागोठण्यानंतर तिला आठवायला लागलं, की आपण हे सांगितलं तर आपलं काम जाईल. पेपरात पुन्हा छापून येईल. गावात कुठल्याही पोराला काही झालं की लोक आपल्याच दाराकडे बोट दाखवतील. आणि पुड्या? एकदा का शकूच्या पुडीने पोर आजारी पडलं असं झालं की बाया पुड्याच सोडतील, पुन्हा पाणी बंद करतील, पुन्हा पोरी मरतील. हे शेवटचं कारण तिला फार पटलं. माणसाला स्वतःची कातडी वाचवायची असली की गावाचं भलं अगदी वेळेवर आठवतं. सुरभीचं काय, ती आई आहे, तरुण आहे, आईच्या चुका लोक पोटात घालतात. पेण येईपर्यंत हेही पटलं.

डॉक्टरांच्या टेबलाशी तिने पिशवीत हात घातला आणि मोठा तांब्या काढला.

डॉक्टरांनी सिस्टरकडून मोजून पाणी मागवलं. ओतलं. रेघेला बरोबर लिटर भरलं.

"तुमची रेघ चोख आहे," त्या म्हणाल्या.

सुरभीला वॉर्डातून बोलावलं. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता तिच्या, केस विस्कटलेले. तिने टेबलाकडे पाहिलं.

"हा नाय तो, डॉक्टर. मी माझ्या तांब्यात करत होते. माहेरच्या. त्याच्यावर पण काकीने रेघ मारलीय."

डॉक्टरांनी शकूकडे पाहिलं. पिशवी शकूच्या खांद्याला होती, आतला तांब्या तिच्या कमरेला लागत होता.

"मी रेघ मारलेला हाच," शकू म्हणाली. "तिने दुसऱ्यात केलं असेल तर मला ठाऊक नाय."

"आमच्याकडे पुडीसाठी हाच हाय," गिरजाबाई म्हणाल्या. त्यांनीच तो माळ्यावर टाकला होता हे त्या मुद्दाम विसरल्या असं नाही. नातू आत मरणाच्या दारात होता आणि दोष कुणाच्या तरी पदरात टाकला की जीव थोडा हलका होतो, एवढंच. सून तर हाताशीच होती.

"आई, तुमच्यासमोर मारलीय रेघ."

"बघा, आता मला खोटी पाडते."

डॉक्टरांनी हात वर केला. "दोष कुणाचाच नाही. जागरणात असं होतं. पाणी थोडं कमी पडलं, बस." त्या चांगुलपणानेच बोलल्या. पण फाइलवर त्यांना लिहावं लागलं, आणि त्यांनी लिहिलं की आईने द्रावण कमी पाण्यात केलं. सुरभीने ते उलट्या बाजूने वाचलं. बारावी शिकलेली होती, वाचता येत होतं. निकेश भिंतीला टेकून उभा होता. त्याने बायकोकडे पाठ केली. शकूला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

सुजय वाचला. मीठ तीन दिवसांत हळूहळू उतरलं, पाचव्या दिवशी त्याने डोळे उघडून आईला ओळखलं, नवव्या दिवशी घरी सोडलं. पण उजवा हात तसाच राहिला, मूठ आवळलेली, कोपरात दुमडलेली. डॉक्टरांनी सांगितलं, व्यायाम द्या, रोज, कंटाळू नका. बराच फरक पडेल, पूर्ण पडेल का ते सांगता येत नाही. महिन्यातून दोनदा पेणला यायचं ठरलं.

घरी आल्यावर सुरभीने ओटा पाहिला, मोरी पाहिली, फळ्या पाहिल्या, माळा उलथापालथा केला. तांब्या नव्हता. किल्ली कुणाकडे होती हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी नळावर चार बायांसमोर ती सरळ म्हणाली, "काकीची रेघ चुकली होती. काकीने माझा तांब्या लपवला."

गावात आग लागली. जिने सोळा वर्षं पोरं जगवली तिच्यावर आळ? स्वतःच्या पोराचा हात वाकडा करून वर दुसऱ्याचं नाव? करून गेला गाव आणि कांदळकराचं नाव, अशी म्हण आपल्याकडे आहे. ती सगळ्यांना आठवली, फक्त उलट्या माणसासाठी. ज्या बायांच्या घरी तसेच लहान तांबे होते, त्याच सगळ्यांत मोठ्याने बोलल्या. निकेशने त्या दिवसापासून बायकोच्या हातचं पोराला काही देऊ दिलं नाही. सुजयचं दूध, भात, औषध, सगळं गिरजाबाई बघायच्या. सुरभीकडे फक्त व्यायाम राहिला, कारण त्यात पोर रडायचं आणि ते दुसऱ्या कुणाला नको होतं.

शेवटी गिरजाबाईंनी जित्याहून तिच्या बापाला बोलावलं. काळुराम म्हणजे धुवट सदऱ्यातला साधा शेतकरी, गाडीतून उतरून उन्हात चालत आलेला. ओटीवर गावची चार माणसं बसली. शकूलाही बोलावणं गेलं. काळुरामने मुलीचं बोलणं सगळं ऐकलं. मग तो शकूकडे वळला आणि हात जोडून म्हणाला, "ताई, तुमचं नाव आमच्याकडे जित्यापर्यंत हाय. माझी पोर लहानपणापासनं खोटं नाय बोलली, पण पोराच्या दुःखाने माणूस भरकटतं. तुम्ही एकदा तुमच्या तोंडाने सांगा. तुम्ही म्हणाल ते मी मानीन."

याहून सोपी संधी माणसाला मिळत नाही. पोर वाचलेलं होतं. समोरचा माणूस हात जोडून उभा होता. शकूने जिभेने ओठ ओले केले.

"चूक झाली तिच्या हातून, दादा. पण जाऊ द्या, लेकरू हाय."

काळुरामने मान खाली घातली. मग तो मुलीला म्हणाला, "काकीच्या पाया पड."

सुरभीने बापाकडे पाहिलं. नवऱ्याची तिला आशा नव्हती, सासूची नव्हतीच, बापाची होती. ती उठली, चार पावलं चालली आणि वाकली. तिचं कपाळ शकूच्या पावलांना लागलं, आणि तिथून, फक्त शकूला ऐकू जाईल असं, ती म्हणाली, "माझं जाऊ दे. बाकीच्यांचे मोजा."

शकूच्या तोंडून सवयीने "औक्षवंत हो" निघालं. माणसं म्हणाली, बघा, मन किती मोठं.

तिने मोजले. हे मात्र तिने केलं, आणि लगेच केलं. मापाचं भांडं काखेत घेऊन वैशाखाच्या उन्हात ती ऐंशी घरं फिरली. जुन्या तांब्यांच्या रेघा बरोबर होत्या. नव्या सुनांचे आठ तांबे चुकलेले होते. एकात तर पाऊण लिटरही भरत नव्हतं. तिने तीन मोडीत काढायला लावले, पाचांवर नवी रेघ ओढून जुनी खरवडली. कुणी विचारलं तर म्हणे, घासून घासून रेघ पुसट होते, नवी केलेली बरी. बाया हळहळल्या, म्हणाल्या, त्या सुरभीच्या आगाऊपणामुळे काकीला उन्हात वणवण. तालुक्याच्या डॉक्टरांच्या कानावर हे गेलं. त्यांनी फोन करून शाबासकी दिली, म्हणाले, फेरतपासणीची ही कल्पना सगळ्या गावांना सांगायला हवी, पुढच्या सभेत तुम्ही बोला, आणि त्या एका आईचं उदाहरण द्या, नाव न घेता.

सुरभीचा तांब्या शकूच्या घरात भाताच्या कणगीत तळाशी होता. शकूचा नवरा जनू एक दिवस गिरणीला न्यायला भात काढत होता, त्याच्या हाताला तो लागला. त्याने बाहेर काढला, गळ्याशी घातलेलं नाव वाचलं, बायकोकडे पाहिलं, आणि परत भातात खुपसला. त्यानंतर तो घरात गरजेपुरतंच बोलायला लागला.

फिरता फिरता गिरजाबाईंचं घर शेवटी राहिलं. टाळता येण्यासारखं नव्हतं, ऐंशी घरं म्हटल्यावर ऐंशी. शकू गेली तेव्हा सुरभी ओटीवर बसून सुजयच्या मुठीला तेल लावत होती. गिरजाबाईंनी शेठचा तांब्या पुढे केला. शकूने मोजला. लिटर बरोबर भरला, भरणारच होता.

"सगळ्यांचे मोजले?" सुरभीने विचारलं. मान वर न करता.

"व्हय."

"किती चुकले?"

खोटं आकड्यात बोलायला शकूला जमलं नाही. इतक्या वर्षांची नोंदींची सवय. "आठ," ती म्हणाली.

"आठ बाया?" गिरजाबाईंनी तोंडाला पदर लावला. "म्हणजे आमची एकटीच येडी नाय. आठ आया चुकल्या या गावात?"

आता सुरभीने मान वर केली. ती शकूकडे रागाने बघत नव्हती. नुसती थांबली होती, दवाखान्यात रिपोर्टासाठी माणसं थांबतात तशी. बाया नाहीत, रेघा चुकल्या, एवढंच म्हणायचं होतं. तीनच माणसं होती ओटीवर, पंचायत नव्हती, पेपरवाला नव्हता. एका सासूला कळलं असतं की सून खुळी नाही, आणि त्या घरात सुरभीला पोराच्या तोंडात घास घालता आला असता.

"व्हय," शकू म्हणाली. "आठ बाया."

"शिकलेल्या असून," गिरजाबाई म्हणाल्या. मग पाहुणी आलीय हे लक्षात येऊन सुनेला म्हणाल्या, "काकीला चहा ठेव. मी तोवर कपडे काढते, वाळलेत." आणि त्या मागच्या दारी गेल्या.

सुरभी उठली. पोराला ठेवायला दुसरं कुणी नव्हतं. तिने सुजयला उचलून शकूच्या मांडीवर दिलं आणि ती आत गेली. चहा उकळेपर्यंत शकूला ते पोर धरून बसावं लागलं.